केळ्यावरच्या चिलटांचं प्रियाराधन आणि डोपामिन

डोपामिन हे मेंदूतलं निरोप पोचवणारं द्रव्य म्हणजे ‘प्रेमाचं रसायन’ असं सरसकट लिहिलं जातं, ते पटत नाही. मेंदूच्या कुठल्या कोपऱ्यात ते झिरपतं त्यावर सगळं अवलंबून असतं. मुंबईच्या स्वयंपाकघरात पिकलेल्या केळ्यांवर जमणारी चिलटं पाहा. त्यांत प्रयोगशाळांत वापरली जाणारी ड्रॉसोफिला ही चिलटं असतातच. (आंबा-पेरूवाले शेतकरी जिला फळमाशी म्हणतात ती वेगळी, आकाराने मोठी.) कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ ओबेद सिद्दिकींनी याच चिलटांच्या वासाच्या आणि चवीच्या जाणिवांवर वर्षानुवर्षं काम केलं.

त्यांचं प्रियाराधन घरीच पाहायचं तर बाटलीत केळ्याचा तुकडा ठेवा आणि काही चिलटं आत शिरली की तोंडाला कापसाचा बोळा लावा. पंचवीस अंशांच्या आसपास दहा दिवसांत नवी पिढी निघते. पाठीवर पांढरे पट्टे दिसले तर ते झॅप्रिओनस नावाचे वेगळे चिलट, त्यांना सोडून द्या. नराच्या पोटाचं टोक काळं आणि बोथट असतं. भिंगातून पुढच्या पायावर काळा कंगवा दिसतो. सकाळी बाटलीतली सगळी मोठी चिलटं काढून टाका आणि पुढच्या ६ तासांत कोशातून निघालेल्या माद्या वेगळ्या करा. त्यापेक्षा उशीर झाला तर त्यांचा समागम झालेला असू शकतो. नर एकेकटे ठेवा. चार दिवसांनी एक नर आणि एक मादी छोट्या पारदर्शक डबीत सोडा.

नर आधी तिच्याकडे तोंड करतो, मग पुढच्या पायाने तिला हलकेच टेकतो. इथे खरी गंमत आहे. पायातल्या चवीच्या पेशींना तिच्या अंगावरचं मेण कळतं आणि तो निरोप मेंदूतल्या पी-१ पेशींपर्यंत जातो. या पेशी दर बाजूला वीसेकच, आणि फक्त नरात. त्यांना एकाच वेळी ‘जा’ आणि ‘थांब’ असे दोन्ही निरोप येतात. डोपामिन पारडं ‘जा’कडे झुकवतं. मग एक पंख आडवा पसरून तो गातो. ड्रॉसोफिलांच्या मेलॅनोगॅस्टर जातीत दोन ठोक्यांमधलं अंतर साधारण ३५ मिलिसेकंद असतं, कानाला मात्र काही ऐकू येत नाही. मादीची चाल मंदावली की होकार समजावा.

नर नुसता टेकून निघून गेला तर तो आधीच बऱ्याच माद्यांशी जुगलेला असेल. लागोपाठ समागम झाले की पी-१ कडे जाणारं डोपामिन घटतं आणि भरून यायला तीनेक दिवस लागतात. नुकता कोशातून निघालेला नर घेण्याची चूकही नेहमीची.

आता दुसरी बाजू. समागमात नराकडून मादीत ३६ अमिनो आम्लांचं एक पेप्टाइड (छोटंसं प्रथिन) जातं. त्यामुळे ती जवळजवळ आठवडाभर नकार देते, अंडनळी बाहेर काढून त्याला दूर सारते. अशा मादीसोबत नराला तासभर ठेवा. तो झिडकारला जातो, आणि आधीच्या नराचा वास राहिलेल्या मादीपासून पुढे लांबच राहतो. हे शिकणं मेंदूतल्या मश्रूम बॉडी या भागात होतं आणि तिथेही लागतं ते डोपामिनच!

मे महिन्यात बाटली माठाजवळ, ओल्या फडक्यावर ठेवा. तीस-एकतीस अंशांवर वाढलेले मेलॅनोगॅस्टरचे नर वांझ निघतात. आणि पावसाळी हवेत केळ्यावर बुरशी धरते, म्हणून तुकडा छोटाच घ्या.