३५ बाय ४५

पासपोर्टच्या फोटोत कुणीच चांगलं दिसत नाही, आणि त्यात फोटोवाल्याचा काही दोष नसतो. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असलेल्या शेंगेन व्हिसासाठी फोटो हवा म्हटलं की तो बिचारा आधी नियम ऐकवतो. ३५ बाय ४५ मिलिमीटर, मागे फिकट पडदा, चौकटीचा ७० ते ८० टक्के भाग चेहऱ्याने भरलेला, तोंड मिटलेलं. "मॅडम, हसू नका. दात दिसले की परत पाठवतात." मग हनुवटी जरा खाली, केस कानामागे, डोळे उघडे, आणि झालं. घरी येऊन पाकीट उघडावं तर आतली बाई पतपेढी बुडवून फरार झाल्यासारखी दिसते.

तरी प्रवासातला सगळ्यात कामाचा फोटो हाच. बाकीचे आपण हौसेने काढतो. बोटीच्या कठड्याशी, देवळाच्या खांबाशी, कॉफीच्या कपाशी. घरच्या ग्रुपवर टाकतो, मंडळी अंगठा दाखवतात आणि विसरतात. आजवर कुठल्याही देशाच्या वेशीवर मला कुणी म्हटलेलं नाही की बाई, तुमचा तो सूर्यास्त दाखवा बघू, मग आत सोडतो.

पूर्वी हे प्रकरण एवढं कडक नव्हतं. पासपोर्टवर फोटो आला तो पहिल्या महायुद्धात, हेरांच्या धास्तीने. त्याआधी नाक, कपाळ, डोळ्यांचा रंग असं शब्दांतलं वर्णन पुरायचं. सुरुवातीला फोटोही कुठलाही चाले. लोक घरातला असेल तो फोटो चिकटवून मोकळे होत, टोपीसकट, कधी पोराबाळांसकट. युद्ध संपलं की हा जाच संपेल अशी तेव्हा पुष्कळांची समजूत होती. १९२० साली पॅरिसला परिषद भरली आणि पासपोर्टचा नमुना ठरून गेला. तात्पुरती म्हणून आलेली सरकारी गोष्ट कधी परत जाते का?

काही वर्षांपूर्वी मैत्रिणीबरोबर तुर्कस्तानातल्या बोद्रुमहून ग्रीसच्या कोस बेटावर गेले. फेरीबोटीने तासाभराचंही अंतर नाही. डेकवर उन्हाचं क्रीम चोपडलेले लालबुंद गोरे, आइस्क्रीम सांडणारी पोरं, आणि आम्ही दोघी सोबत आणलेल्या दशम्या खात. कोसच्या बंदरात काचेमागच्या पोलिसाने पासपोर्ट उघडला, एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. ती फरार बाई त्याला माझ्यात दिसली असावी, कारण त्याने लगेच शिक्का मारला. बाहेर पडून पाच मिनिटांवर हिप्पोक्रॅटिसचं झाड आहे. त्याच्या सावलीत तो शिष्यांना वैद्यक शिकवायचा म्हणतात. आत्ताचं झाड फार तर पाचशे वर्षांचं, पण फोटो सगळेच काढतात. मीही काढला.

२०१५ च्या उन्हाळ्यात ह्याच धक्क्याच्या कडेने तंबू पडले होते. सीरिया, अफगाणिस्तान, इराकमधून निघालेली माणसं समोरच्या किनाऱ्यावरून रबरी होड्यांतून रात्रीची येत आणि कागदाची वाट बघत इथे झोपत. काही ठिकाणी मधला समुद्र चार-पाच किलोमीटरचाच आहे, बोद्रुमच्या बाजूने कोसचे दिवे दिसतात. फेरीचं तिकीट तेव्हा वीसेक युरोच्या आसपास होतं. दलाल मात्र ह्याच पाण्यासाठी माणशी हजार युरो आणि वर घेत होते. लाइफ जॅकेटचे पैसे निराळे, आणि त्यातली काही जॅकेटं पाणी शोषणारा फोम भरलेली.

हजार युरो मोजू शकणारा माणूस सरळ विमानाने का जात नाही, हा प्रश्न मला तेव्हा छळायचा. उत्तर अगदी रुक्ष निघालं. २००१ सालचा एक युरोपीय निर्देश आहे. योग्य कागदपत्रं नसलेला प्रवासी आणला तर विमान कंपनीला, बोटवाल्याला माणशी हजारो युरो दंड, शिवाय त्याला परत नेऊन सोडायचा खर्चही त्यांच्याच माथी. निर्वासितांबद्दलच्या जबाबदाऱ्यांना ह्याने बाधा येणार नाही, असंही त्यात लिहिलेलं आहे. छान आहे. पण समोरचा निर्वासित आहे की नाही हे विमानतळावर ठरवणार कोण? पहाटे चारपासून काउंटरवर उभी असलेली मुलगी? ती कशाला ठरवेल! ती "सॉरी सर" म्हणते आणि पुढच्याला बोलावते. बंदुका, काटेरी तारा, गस्ती नौका ह्या सगळ्या नंतरच्या गोष्टी. पहिली वेस त्या काउंटरवर असते.

त्याच वर्षी २ सप्टेंबरला बोद्रुमजवळच्या किनाऱ्यावर निलुफर देमिर ह्या बातमी-छायाचित्रकार बाईने तो फोटो काढला. सीरियातल्या कोबानीहून निघालेल्या कुर्दी कुटुंबातला धाकटा आलान, वाळूत पालथा. लाल टीशर्ट, निळी विजार. मला त्यातले बूट विसरता येत नाहीत. लहान मुलाला बूट घालणं हे केवढं काम असतं हे घरात मूल असलेल्या कुणालाही ठाऊक आहे. ते पाय आखडतं, बोटं दुमडतं, "नको" म्हणतं. रात्रीच्या अंधारात, होडीवाल्याची घाई चाललेली असताना कुणीतरी ते बूट नीट चढवले होते, आणि ते निसटले नव्हते. त्याची आई आणि थोरला भाऊही त्या रात्री बुडाले. वडील तेवढे उरले.

जग हललं, असं सगळ्यांनी लिहिलं. आणि ते खोटं नव्हतं. स्वीडनच्या रेड क्रॉसकडे सीरियन निर्वासितांसाठी येणाऱ्या देणग्या त्या आठवड्यात कित्येक पटींनी वाढल्या. काही आठवड्यांत ओसरल्याही. पुढच्या मार्चमध्ये युरोपीय संघ आणि तुर्कस्तान यांच्यात करार झाला, की ग्रीक बेटांवर पोचलेल्यांना परत तुर्कस्तानात पाठवायचं. ह्या सगळ्या गलक्यात एक बारीकशी बातमी होती. आलानची आत्या कॅनडात राहायची. आपल्या दुसऱ्या एका भावाच्या कुटुंबासाठी तिने आधीच अर्ज केला होता. कागदपत्रं अपुरी म्हणून तो परत आला होता. आलानच्या वडिलांसाठीचा अर्ज तर तिथवर पोचलाही नव्हता. गाजलेला फोटो बघणाऱ्याचं मन हलवतो, फोटोतल्या माणसाला जागचं हलवत नाही, असं माझं हळूहळू मत होत चाललंय, आणि ते चुकीचं ठरलं तर मला आनंदच होईल.

ते चुकीचं ठरवायला शरबत गुलाचा दाखला कामाचा नाही. हिरव्या डोळ्यांची, फाटक्या तांबड्या ओढणीतली ती अफगाण मुलगी तुम्ही पाहिलेलीच असणार. १९८४ साली पेशावरजवळच्या नासिर बाग छावणीत, तंबूतल्या शाळेत, स्टीव्ह मॅककरीने तिचा फोटो काढला आणि १९८५ च्या जूनमध्ये नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर तो आला. तेव्हा तिचं नाव विचारायचं राहून गेलं. सतरा वर्षं ती मुलगी पोस्टर होऊन भिंतीभिंतींवर राहिली, आमच्या दंतवैद्याच्या वेटिंग रूममध्येसुद्धा होती, आणि ह्यातलं तिला काही माहीत नव्हतं. २००२ साली मासिकाने तिला शोधून काढलं. हीच ती, हे नक्की करायला डोळ्यांच्या बुबुळांची तपासणी करवली. तेव्हा कुठे तिने आपला फोटो पहिल्यांदा पाहिला.

पुढचं ऐका. २०१६ साली पाकिस्तानात तिला अटक झाली, बनावट ओळखपत्र बाळगल्याबद्दल. अर्ध्या जगाला ज्या चेहऱ्याची ओळख पटलेली, त्याच्या ओळखपत्राचा खटला! पंधरा दिवस कैद, दंड, आणि रवानगी अफगाणिस्तानात. तिथे राष्ट्राध्यक्षांनी स्वागत केलं, पुढे काबूलमध्ये घर मिळालं. २०२१ मध्ये तालिबान परत आले आणि तिला पुन्हा निघावं लागलं. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये इटलीने तिला आसरा दिला. इथे एक गोष्ट कबूल करायला हवी, की इटलीने दार उघडलं त्यात त्या जुन्या मुखपृष्ठाचा वाटा असणारच. पण त्याला छत्तीस वर्षं लागली, आणि नासिर बागेतल्या त्या तंबूत तिच्या शेजारी बसलेल्या मुलींची मुखपृष्ठं झाली नव्हती.

माणसाला जागचं हलवणारा कागद कसा असतो हे एकदाच कुणीतरी नीट ओळखलं होतं. तो नॉर्वेचा फ्रिट्यॉफ नान्सेन. तरुणपणी स्कीवरून ग्रीनलंड ओलांडलेला, उत्तर ध्रुवाच्या दिशेने बर्फात जहाज गोठवून घेऊन गेलेला माणूस. पहिल्या महायुद्धानंतर स्थापन झालेल्या राष्ट्रसंघाने त्याला रशियन निर्वासितांचं काम दिलं. सोव्हिएत सरकारने देशाबाहेर गेलेल्या लाखो रशियनांचं नागरिकत्वच काढून घेतलं होतं, त्यामुळे त्यांना पासपोर्ट देणारं कुणी उरलं नव्हतं. नान्सेनने १९२२ साली त्यांच्यासाठी एक साधं प्रमाणपत्र काढवलं, हळूहळू पन्नासाहून जास्त सरकारांकडून ते मान्य करवून घेतलं. पुढे आर्मेनियनांनाही ते मिळालं. संगीतकार स्त्राविन्स्की, चित्रकार शगाल ह्या कागदावर फिरले. त्यावर एक तिकीट लावायचं असे, पाच सुवर्ण फ्रँकचं, आणि त्या पैशातून गरीब निर्वासितांना मदत होई. तिकिटावर मिश्यांसकट खुद्द नान्सेन. म्हणजे एकाच कागदावर दोन चेहरे, ज्याला जायचं आहे त्याचा आणि जो जाऊ द्या म्हणतोय त्याचा. मला ही कल्पना फार आवडते. आजच्या व्हिसावर जाऊ द्या म्हणणाऱ्या कुणाचाच चेहरा नसतो, नकारपत्रावर तर सहीदेखील वाचता येत नाही.

आपण भारतीयांनी ह्यात फार शहाणपणा सांगू नये. १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर आपली सही नाही, तसा वेगळा कायदाही आपल्याकडे नाही. जे होतं ते त्या-त्या वेळच्या सरकारच्या मर्जीने, कधी मोठ्या मनाने, कधी अगदी कोत्या. दर हिवाळ्यात आपल्याला स्वेटर विकणाऱ्या तिबेट्यांशी आपण पन्नास रुपयांवरून हुज्जत घालतो. त्यांची एक वसाहत गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला आहे, हे किती जणांना माहीत असतं?

मोठ्या मनाचा नमुना आमच्या कोल्हापूरला आहे. मिरज-कोल्हापूर रेल्वेवर वळिवडे नावाचं छोटं स्टेशन लागतं. १९४३ पासून तिथे पाचेक हजार पोलिश लोक राहिले, बहुतेक बायका, मुलं, म्हातारे. १९४० साली सोव्हिएत फौजांनी त्यांना घरांतून उचलून सायबेरिया आणि कझाकस्तानला नेलं होतं. हिटलर रशियावर उलटला तेव्हा ते सुटले, कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणला आले, तिथून कराची आणि तिथून इथे. लांब लांब बराकी, शाळा, चर्च, स्काउटची पथकं, नाटकंसुद्धा. १९४८ पर्यंत कॅम्प उठला. पोलंडची हद्दच सरकली होती, बऱ्याच जणांचं गाव आता दुसऱ्या देशात होतं, म्हणून कित्येक जण इंग्लंडला आणि आणखी कुठे कुठे गेले. एका मुलीने मात्र कोल्हापूरकराशी लग्न केलं आणि ती इथलीच झाली.

बराकी फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना त्याच जागी वसवलं. त्याचं झालं गांधीनगर. आज कोल्हापूर-सांगलीकडे लग्न ठरलं की बस्ता बांधायला आधी गांधीनगर गाठायचं, असा रिवाजच आहे.

मावसबहिणीच्या लग्नाच्या बस्त्याला मीही गेले होते. गादीवर साड्यांचा ढीग, मावशीचा भाव पाडण्याचा कार्यक्रम रंगात आलेला. मी दुकानदाराला पोलिश लोकांचं विचारलं. तो म्हणाला, "येतात की! आता म्हाताऱ्यांची पोरं-नातवंडं येतात. हातात जुने फोटो असतात, आमची बराक कुठली म्हणून विचारतात. माझ्या आजोबांना बरोबर सांगता यायचं. आम्ही आपलं अंदाजाने दाखवतो, चहा देतो." मी विचारलं, तुमच्या आजोबांचे सिंधमधल्या घराचे फोटो आहेत का? "नाही हो. फोटो कुठला आणणार? आणि असता तरी आम्ही तिकडे जाऊन दाखवणार कुणाला? व्हिसा कोण देतंय?" एवढं बोलून तो मावशीकडे वळला. "मावशी, ह्याच काठात मोरपंखी आहे, काढू? भावाचं आपण नंतर बघू."