बोगद्यातून आधी बाहेर पडणारा बाण

"आमची गाडी बोगद्यात असतानाच पडद्यावरचा बाण बाहेर पडलेला असतो, आणि 'आता डावीकडे वळा' ही सूचना दोन्ही बाजूंना भिंती असताना ऐकू येते," असे त्या गाडीच्या मालकीणबाईंनी फोनवर सांगितले तेव्हा मी हातातले काम थांबवले. सुमारे अकरा आठवड्यांपूर्वी ती दिशादर्शक यंत्रणा मीच बसवली होती. रस्ता दाखवणारे यंत्र रस्ता दाखवत नसेल तर चालक नकाशा आठवून गाडी चालवतो, परंतु ते चुकीच्या क्षणी ठामपणे बोलत असेल तर ते नसलेलेच बरे, असे माझे मत आहे. त्या बोगद्याच्या तोंडापासून थोड्याच अंतरावर रस्त्याला फाटा फुटतो आणि बोगद्याच्या आत डावीकडे बंद पडलेल्या गाड्यांसाठी राखलेली जागा आहे, हे कळल्यावर तर मी त्यांना गाडी दुसऱ्याच दिवशी सकाळी आणायला सांगितले.

गाडी होती होंडा एस-२०००. दोन आसनांची, कापडी छताची, मागच्या चाकांना गती देणारी ही गाडी १९९९ ते २००९ या काळात तयार झाली, आणि तिच्या सुरुवातीच्या मॉडेलांतले दोन लिटरचे इंजिन मिनिटाला ९,००० फेऱ्यांपर्यंत जाते. ती बाजारात आली तेव्हा सर्वसामान्यांना मिळणारा जीपीएस संदेश मुद्दाम ढोबळ ठेवलेला असे; ते बंधन अमेरिकी सरकारने मे २००० मध्ये उठवले. तिच्या डॅशबोर्डची रचना नकाशासाठी झालेलीच नाही. चालकासमोर अंकांत वेग दाखवणारा फलक आहे आणि मधोमध एक झाकण. रेडिओ त्या झाकणाआड असतो आणि झाकण लावले की डॅशबोर्ड शांत, सलग दिसतो. मालकीणबाईंच्या अटी दोनच होत्या. डॅशबोर्डचा एकही भाग कापायचा नाही, आणि झाकण पूर्वीसारखे लागले पाहिजे. त्या अटी मला मनापासून पटल्या, कारण अशा गाडीत कापलेला तुकडा परत मिळत नाही.

या अटींमुळे मोठा, दुप्पट उंचीचा पडदा बसवण्याचा प्रश्नच उरला नाही. झाकणामागची जागा एका 'डिन' मापाची, म्हणजे सुमारे १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच असते. दुप्पट मापासाठी आतली धातूची चौकट कापावी लागली असती. म्हणून आम्ही बंद असताना एका डिनमध्ये मावणारे आणि बटण दाबल्यावर मोटरच्या साहाय्याने पडदा बाहेर काढून उभा करणारे यंत्र निवडले. त्याचे तोंड मूळ रेडिओपेक्षा काही मिलिमीटर पुढे येत होते, त्यामुळे झाकण अर्धवटच लागे. यंत्र मागे सरकवायचे तर पाठीमागच्या वायरींच्या जुडग्याला जागा उरत नव्हती. शेवटी मी ते जुडगे सोडवून बाजूच्या पोकळीत वळवले, प्रत्येक कनेक्टर स्वतंत्रपणे कापडी टेपने गुंडाळला आणि बाजूच्या पट्ट्यांना नवी भोके पाडून यंत्र आत घेतले. त्या पट्ट्या मी वेगळ्या बनवून घेतल्या होत्या. मूळ पट्ट्या, मूळ रेडिओ आणि त्याचा सांकेतिक क्रमांक असलेले कार्ड एका खोक्यात बांधून मालकीणबाईंच्या हाती दिले. किल्ली फिरवताच पडदा आपोआप बाहेर येण्याची सोयही मी बंद केली, कारण झाकण लावलेले असताना गाडी सुरू झाली असती तर मोटरने पडदा झाकणावर रेटला असता.

अँटेनाच्या बाबतीत ही गाडी सोपी निघाली. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात आणि त्यांचा संदेश जमिनीवर पोहोचेपर्यंत इतका क्षीण होतो की पातळ धातूचा पत्राही त्याला अडवायला पुरतो. प्लास्टिक आणि कापड मात्र त्याला फारसे अडवत नाहीत. म्हणून डॅशबोर्डच्या वरच्या प्लास्टिकखाली, आडव्या लोखंडी तुळईपासून दूर, तोंड आकाशाकडे करून अँटेना चिकटवली आणि तिची वायर वायपरच्या मोटरच्या वायरींना समांतर जाणार नाही अशी नेली. बाहेरून काहीही दिसत नव्हते आणि पहिल्याच चाचणीत पडद्यावर नऊ उपग्रह दिसले.

वायरिंगमध्ये मूळ जुडग्याला कात्री लावावी लागू नये म्हणून मधला जोड-हार्नेस वापरला. स्टिअरिंगजवळ काम करण्याआधी बॅटरी सोडून काही मिनिटे थांबलो, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत तेवढा वेळ विद्युतभार शिल्लक राहू शकतो. गाडी उभी आहे की नाही हे यंत्राला कळवणारी हँडब्रेकची वायर मी खऱ्या हँडब्रेकच्या स्विचलाच जोडली. ही वायर थेट अर्थला जोडून चालत्या गाडीत चित्रपट पाहण्याची सोय करून द्या, असे पुष्कळ जण सांगतात. मी ते काम घेत नाही, आणि या मालकीणबाईंनी ते मागितलेही नव्हते. आता उरली ती वेगाची वायर, आणि पुढचा सारा प्रसंग तिच्याभोवतीच घडला.

उपग्रह दिसत असतात तोवर यंत्राला गाडीकडून फारशी मदत लागत नाही. बोगद्यात आकाश नसते. तिथे यंत्र दोन गोष्टींवर जागा ठरवते: आतला जायरो गाडी किती वळली ते सांगतो आणि वेगाच्या वायरीवरून येणारे विजेचे ठोके, ज्यांना आम्ही पल्स म्हणतो, गाडी किती पुढे गेली ते सांगतात. एका पल्समागे गाडी किती अंतर कापते हे यंत्राला आधी ठाऊक नसते. उघड्या रस्त्यावर उपग्रहांवरून मोजलेले अंतर आणि तेवढ्यात मोजलेले पल्स यांची तुलना करत ते हळूहळू शिकते. वेगाचा सेन्सर या गाडीत गिअरबॉक्सवर आहे. त्याची वायर एकीकडे इंजिनच्या नियंत्रकाकडे आणि दुसरीकडे चालकासमोरच्या फलकाकडे जाते. नियंत्रकाकडच्या फाट्यावर हात सहज पोहोचत होता, म्हणून तिथे वायरीचे आवरण थोडेसे काढून, डाग देऊन मी माझी वायर जोडली. वायरीला टोचून बसणारी क्लिप मी वापरत नाही, कारण ती काही महिन्यांनी सैल होते. नंतर गाडी फिरवून आणली, यंत्राच्या पडद्यावरील तपासणीच्या पानावर दिसणारे पल्स ठरावीक वेगाला किती येतात ते कामाच्या कार्डावर लिहून ठेवले, आणि गाडी दिली. पहिले काही आठवडे बोगद्यातही सारे अचूक चालले, असे मालकीणबाई स्वतःच सांगत होत्या.

गाडी आली तेव्हा तक्रारीतल्या एका तपशिलाने मला दिशा मिळायला हवी होती. बाण चुकीच्या रस्त्यावर जात नव्हता; तो योग्य रस्त्यावर, फक्त पुढे जात होता. जायरोची चूक असती तर तो बोगद्याच्या वळणावर रस्ता सोडून डोंगरात शिरला असता. अँटेनाची चूक असती तर तो उघड्यावरही भरकटला असता. तेव्हा चूक अंतरात होती हे मला कळले होते. तरीही माझी अर्धी सकाळ फुकट गेली, आणि त्याचे कारण चालकासमोरचा फलक. उघड्या रस्त्यावर फलकावरचा वेग आणि उपग्रहांवरून यंत्राने काढलेला वेग मी ताडून पाहिले, तर दोन्ही एकमेकांना धरून होते, किरकोळ फरक सोडला तर. त्यावरून मी असा निष्कर्ष काढला की सेन्सरचे पल्स बरोबर आहेत आणि दोष यंत्रात किंवा माझ्या जोडणीत आहे. मग मी यंत्र बाहेर काढले, माझा डाग तपासला, अर्थिंग मोजले, अल्टरनेटरचा गोंगाट वायरीत शिरून जादा पल्स मोजले जात आहेत का ते इंजिन वेगवेगळ्या गतींना चालवून पाहिले. गाडी उभी असताना पल्स शून्य होते. एकही जादा ठोका नव्हता.

दुपारी माझ्या सहकाऱ्याने जुने कार्ड समोर आणून ठेवले आणि विचारले, "दादा, तेव्हाचे पल्स आणि आत्ताचे पल्स शेजारी शेजारी लिहून पाहू या का?" आम्ही त्याच वेगाला गाडी चालवली. आजचे पल्स जुन्या नोंदीपेक्षा जवळपास १६ टक्क्यांनी जास्त होते, आणि तरी फलक खरा वेग दाखवत होता. एकाच सेन्सरच्या दोन वायरी दोन वेगळ्या गोष्टी सांगत होत्या, म्हणजे मधे कोणीतरी होते.

मी मालकीणबाईंना फोन करून विचारले, "आपली भेट झाल्यानंतर गाडीत दुसरे काही काम झाले आहे का? अगदी या यंत्राशी संबंध नसलेलेही सांगा." त्या क्षणभर थांबल्या. "डिफरेन्शियलचे काम करून घेतले, चढावर गाडी जास्त चपळ व्हावी म्हणून. पण ते तर मागे, चाकांजवळ आहे. त्याचा नकाशाशी संबंध असेल हे माझ्या ध्यानात आले नाही." त्यात त्यांची काहीच चूक नव्हती. मी कधी विचारलेच नव्हते.

डिफरेन्शियल म्हणजे मागच्या चाकांना गती वाटून देणारी पेटी, आणि क्राउन-पिनियन ही तिच्यातली दातेरी चाकांची जोडी. मूळ क्राउन-पिनियनचे गुणोत्तर ४.१० असते, त्यांनी ४.७७ चे बसवून घेतले होते. आता चाकाच्या एका फेऱ्यासाठी गिअरबॉक्सच्या दांड्याला ४.७७ भागिले ४.१०, म्हणजे पूर्वीच्या १.१६ पट फिरावे लागते, आणि सेन्सर गिअरबॉक्सवर असल्यामुळे तोही तितकेच जास्त ठोके मोजतो. ज्यांनी ते काम केले त्यांनी ते नीट केले होते. फलकावरचा वेग चुकू नये म्हणून त्यांनी फलकाकडे जाणाऱ्या वायरीत पल्स कमी करून देणारी एक छोटी दुरुस्ती-पेटी बसवली होती. फलकाच्या मागे हात घालताच ती सापडली. फलक दुरुस्त झालेले पल्स वाचत होता. माझी वायर नियंत्रकाच्या फाट्यावर, म्हणजे पेटीच्या अलीकडे होती आणि तिच्यावर कच्चे पल्स येत होते. ज्या फलकावर विसंबून मी पल्स बरोबर ठरवले, तो त्या पल्सचा साक्षीदार उरलाच नव्हता.

आकडेमोड मी कागदावर करून पाहिली. बोगदा ३ किलोमीटरचा. पल्स १.१६ पट आले तर गाडी सुमारे २.५८ किलोमीटर गेली असताना यंत्राला ३ किलोमीटर पूर्ण झाल्यासारखे वाटणार, म्हणजे बाण सुमारे ४२० मीटर आधी बाहेर पडणार. मालकीणबाईंनी बोगद्यातल्या अंतराच्या पाट्यांवरून ३५० मीटर मोजले होते. ही ७० मीटरची तफावत मला सुरुवातीला खटकली. नंतर लक्षात आले की यंत्र मधल्या आठवड्यांत नवे माप थोडे थोडे शिकू लागले होते, परंतु जुनी शिकवण पक्की असल्यामुळे ते सावकाश बदलत होते.

उपाय दोन होते. वायर आहे तिथेच ठेवून यंत्राला सगळे नव्याने शिकवायचे, किंवा वायर पेटीच्या पलीकडे, फलकाच्या बाजूला न्यायची. मी दुसरा निवडला, कारण पुढे कधी मूळ क्राउन-पिनियन परत बसवले किंवा पेटीचे माप बदलले तरी फलक आणि नकाशा एकत्र बरोबर राहतील. नियंत्रकाकडच्या फाट्यावरची माझी जोडणी काढून वायरीचे आवरण आकुंचन पावणाऱ्या नळीने बंद केले आणि नवी जोडणी पेटीनंतर केली. संध्याकाळी मालकीणबाईंना शेजारी बसवून आम्ही त्याच बोगद्यात गेलो. या वेळी बाण मागे पडला. आम्ही उजेडात आलो तेव्हा यंत्राच्या मते आम्ही सुमारे ८० मीटर आत होतो.

मालकीणबाई काळजीत पडल्या, पण मला मात्र हायसे वाटले, कारण अर्धवट शिकलेल्या चुकीच्या मापाचा परिणाम नेमका एवढाच यायला हवा होता. गाडी बाजूला घेऊन यंत्राची शिकलेली मापे पुसली आणि मोकळ्या, सरळ रस्त्यावर सुमारे तासभर गाडी चालवली, तोवर तपासणीच्या पानावरचे माप स्थिर झाले. अंधार पडला होता. परतताना बोगद्याच्या तोंडाची कमान आमच्या डोक्यावरून गेली आणि त्याच वेळी पडद्यावरचा बाण बोगद्याच्या रेषेबाहेर आला. "तीनशे मीटरवर डावीकडे वळा" ही सूचना मोकळ्या हवेत ऐकू आली.

वर्कशॉपमध्ये परतल्यावर मी त्या दुरुस्ती-पेटीवर पांढरी पट्टी चिकटवली आणि तिच्यावर लिहिले: 'दिशादर्शकाची वायर येथून पुढे. गुणोत्तर ४.७७.' कामाच्या छापील कार्डावरही त्या दिवसापासून एक ओळ वाढली आहे. टायरचे माप, चाके, गिअरबॉक्स किंवा डिफरेन्शियल यांत काही बदल झाला आहे का, हे मी गाडी घेताना विचारतो, आणि परत देताना सांगतो की असा बदल पुढे केलात तर मला कळवा.