तुम्ही विचारलंत म्हणून: तेव्हा तुम्ही कुठे होतात?

व्याख्यान संपले की हा प्रश्न येतो, लेख छापून आला की वाचकांच्या पत्रांतून येतो, आणि परवा तर भाचीच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत आला: "त्यांच्या माणसावर आरोप झाला की तुम्ही लगेच लिहिता, तुमच्या माणसावर झाला तेव्हा कुठे होतात?" विचारणाऱ्याला लैंगिक छळाची तक्रार करणाऱ्या त्या बाईशी काही देणेघेणे नसते, त्याला फक्त माझे तोंड बंद करायचे असते, असे म्हणून मी इतकी वर्षे तो झटकत आले. ते पुष्कळदा खरेही असते. पण हेतू वाईट असला म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही, हे मान्य करायला मला फार वेळ लागला.

ऑक्टोबर २०१८ मध्ये पत्रकार प्रिया रमानी यांनी लैंगिक छळाचा आरोप करत माजी संपादक एम. जे. अकबर यांचे नाव घेतले तेव्हा ते भाजप सरकारमध्ये परराष्ट्र राज्यमंत्री होते, आणि मी त्याच रात्री लेख लिहायला बसले. नोव्हेंबर २०१३ मध्ये गोव्यात 'तहलका'चे संपादक तरुण तेजपाल यांच्यावर त्यांच्या सहकारी तरुणीने आरोप केला तेव्हा मात्र चित्र स्पष्ट होण्याची वाट पाहत मी आठ दिवस थांबले होते. सहा महिने संपादकपदापासून दूर राहण्याची शिक्षा तेजपालांनी स्वतःच स्वतःला सुनावली होती आणि मला ती पुरेशी वाटली होती, हे लिहिताना आज हात अडतो. त्यांच्या 'तहलका'ने २००१ मध्ये, भाजपप्रणीत सरकारच्या काळात, संरक्षण खरेदीतली लाचखोरी चव्हाट्यावर आणली होती. म्हणजे ते आमचे होते.

समोरची मंडळी धुतल्या तांदळासारखी आहेत असेही नाही. पुण्यातील एका तरुणीच्या मृत्यूवरून ज्या भाजपवाल्यांनी रान उठवले आणि ज्यामुळे फेब्रुवारी २०२१ मध्ये शिवसेनेच्या संजय राठोड यांना मंत्रिपद सोडावे लागले, त्यांच्याच सोबतीने ऑगस्ट २०२२ मध्ये राठोड पुन्हा मंत्री झाले. त्यांनी आरोप नाकारले होते, पोलिसांनी क्लीन चिट दिल्याचेही सांगण्यात आले. भाजपच्या चित्रा वाघ यांनी मात्र तेव्हाही उघड नाराजी व्यक्त केली, आणि त्याबद्दल त्यांचे कौतुक करावे की नाही याचा मी दोन दिवस विचार करत बसले.

पण ही सगळी लांबची माणसे. हा प्रश्न मला झोंबतो तो २०१८ च्या नोव्हेंबरामुळे. अकबर यांच्या राजीनाम्याला महिनाही झाला नव्हता, दिवाळी नुकतीच संपली होती, आणि आमच्या संघटनेतली तेवीस-चोवीस वर्षांची एक कार्यकर्ती घरी आली. उरलेल्या चकल्या मी तिच्यापुढे ठेवल्या. तिने एक उचलली आणि शेवटपर्यंत तशीच हातात धरून ठेवली. आमच्या ज्येष्ठ नेत्याने, जिल्हाभर ज्यांना मानाने व्यासपीठावर बसवतात त्यांनी, शिबिरात तिच्याशी काय केले ते तिने तारखेसह वहीत लिहून आणले होते, कारण बोलताना आपला गोंधळ उडेल अशी तिला भीती होती. वही वाचून मी विचारले, "तेव्हाच का नाही सांगितलंस?" मग विचारले, "आणखी कुणी पाहिलं होतं का?" आणि शेवटी, अगदी प्रेमळ आवाजात, "तुझा काही गैरसमज तर झाला नाही ना?" हेच प्रश्न विचारणाऱ्यांना मी तीन-चार आठवड्यांपूर्वी लेखात सोलून काढले होते. तिने तो लेख वाचला होता. म्हणूनच तर ती माझ्याकडे आली होती. "बरं ताई," एवढेच ती म्हणाली, चहाचा कप आत नेऊन विसळला, पालथा घातला आणि गेली.

त्या रात्री मी फोन केला तो त्या नेत्यांना, तिला नव्हे. "निवडणुका जवळ आल्या की हे सुरू होतंच, तुला मी काय सांगायचं," असे ते हसत म्हणाले, आणि मला हायसे वाटले. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा स्वयंसेवकांनाही लागू होतो आणि तक्रारीला तीन महिन्यांची मुदत असते, हे मी स्वतः शिबिरांतून शिकवत होते. आमच्याकडे तक्रार समिती नव्हती. पुढच्या कार्यकारिणीत विषय काढू, असे म्हणत मी ती मुदत जाऊ दिली.

तेव्हाची मी आजही माझ्याशी भांडते: पुरावा मागण्यात गैर काय, आणि चाळीस वर्षांचे काम एका वहीवरून मोडीत काढायचे का? या युक्तिवादात दम आहे. फक्त तो मला अकबर यांच्या वेळी सुचला नव्हता.

१७ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीच्या न्यायालयाने अकबर यांनी भरलेल्या बदनामीच्या खटल्यातून रमानी यांना निर्दोष सोडले. स्त्रीला कित्येक दशकांनंतरही तक्रार मांडता येते, हे त्या निकालातले म्हणणे मी लेखात चौकटीत छापून घेतले. २१ मे रोजी म्हापशाच्या न्यायालयाने तेजपालांना निर्दोष सोडले आणि गोवा सरकार अपिलात गेले. त्या निकालपत्रात तक्रारदार तरुणीच्याच वागण्याची झाडाझडती होती, आणि ती वाचताना मला माझाच तो प्रेमळ आवाज ऐकू येत राहिला. मग सगळ्यांवर सारखाच संशय घ्यावा का? तसे केले तर वही घेऊन येणारी प्रत्येक मुलगी कप पालथा घालून परत जाईल. सगळ्यांवर सारखाच विश्वास ठेवावा, तर एखादा निरपराध माणूस त्यात भरडला जाणारच नाही अशी हमी मला देता येत नाही.

गेल्या वर्षी त्या नेत्यांच्या गौरवग्रंथासाठी माझ्याकडे लेख मागितला गेला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे कारण सांगून मी नकार दिला. शस्त्रक्रिया झाली होती हे खरे. पण तिला तोवर चार महिने उलटले होते.