अजब बंगला आणि आमच्या धानाचे पूर्वज

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला आमच्या भागात आजही सगळे ‘अजब बंगला’ म्हणूनच ओळखतात. १८६३ साली स्थापन झालेल्या या संग्रहालयात, धानाची कापणी आटोपल्यानंतर, मी माझ्या मुलीला आणि पुतण्याला घेऊन गेलो होतो. शस्त्रे, नाणी, चित्रे अशी इतरही दालने तेथे आहेत. पण त्या दिवशी केवळ प्राणी, पक्षी आणि जीवाश्म पाहायचे, असे आम्ही घरूनच ठरवले होते. शाळेच्या सहलींमध्ये मुलांना रांगेत उभे करून तासाभरात सगळी इमारत दाखवली जाते, त्यातून त्यांच्या हाती फारसे लागत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पेंढा भरलेल्या वाघासमोर आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो. चंद्रपूर जिल्ह्यातील आमच्या सिंदेवाही तालुक्यातील मुलांसाठी वाघ ही चित्रातली गोष्ट नाही. गुरे चारायला गेलेल्या माणसांवर हल्ले झाल्याच्या बातम्या ऐकत ती वाढतात आणि चिखलात उमटलेला पंजा ओळखतात, परंतु त्या जनावराकडे भीती बाजूला ठेवून निवांत पाहण्याची संधी त्यांना अन्यत्र मिळत नाही. पुतण्याने पुढचा पाय निरखला आणि विचारले, “काका, चिखलात तं चारच बोटं उमटतेत, मंग इथं पाच कशी?” वाघाच्या पुढच्या पायाचे पाचवे बोट आतल्या बाजूला वर असते, ते जमिनीला टेकत नाही आणि म्हणून ठशात दिसत नाही, हे त्याला त्या पायाकडे बोट दाखवून सांगता आले. पक्ष्यांच्या दालनातही मुले चोचींचे आकार पाहून कोण मासे खात असेल, कोण दाणे, याचा अंदाज बांधत होती.

जीवाश्मांपुढे मात्र मुले आधी कंटाळली, कारण दगडासारखी दिसणारी वस्तू एकेकाळी जिवंत होती, हे नुसत्या पाहण्याने पटत नाही. तेथे मी त्यांना आमच्याच जिल्ह्यातील, वरोरा तालुक्यातील पिसदुरा गावाविषयी सांगितले. साडेसहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी त्या परिसरात लांब मानेचे शाकाहारी डायनासोर वावरत होते, आणि त्यांच्या हाडांबरोबर तेथे दगड झालेली विष्ठाही सापडते. डायनासोरचे शेण म्हटल्यावर मुले अर्थातच हसली, पण खरा विषय त्या शेणातच आहे. जीवाश्मांचे अभ्यासक वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याच्या या नमुन्यांत गवताच्या पेशींमध्ये साठणारे सिलिकाचे, म्हणजे वाळूत असतो त्या कठीण पदार्थाचे, सूक्ष्म कण शोधून काढले आणि २००५ साली ते संशोधन प्रसिद्ध केले. गवत डायनासोरांच्या काळानंतरच विविध प्रकारांत विस्तारले, या तोपर्यंतच्या समजुतीला त्यामुळे धक्का बसला. २०११ साली त्याच प्रकारच्या नमुन्यांतून धानाच्या कुळाशी जवळचे नाते सांगणारे अवशेष पुढे आले.

धानाचे पान हाताला कापते, हे रोवणीच्या आणि निंदणाच्या वेळी बांधीत उतरलेल्या मुलांना सांगावे लागत नाही. त्या धारेमागे पानातील सिलिकाच असते, आणि पान कुजले तरी सिलिकाचे कण टिकून राहतात, म्हणूनच इतक्या जुन्या गवताची ओळख पटवता आली, हे कळल्यावर मुलगी पुन्हा त्या कपाटाकडे वळली. डायनासोरांनी धानच खाल्ले का, असे तिने विचारले. आज आपण पिकवतो तो धान नव्हे, तो माणसाने फार नंतर शेतीत आणला, पण त्या कुळातले गवत त्यांच्या पोटात गेले होते, असे मी तिला सांगितले.

मुलांना संग्रहालयात नेणाऱ्या पालकांनी आणि शिक्षकांनी आपल्या तालुक्याच्या जमिनीत काय सापडले आहे, याची माहिती आधी मिळवावी, अशी माझी मनापासून विनंती आहे. विदर्भात अशी माहिती मुबलक आहे. सिरोंचा तालुक्यातील वडधम येथे दगड झालेले वृक्ष जतन केलेले आहेत, आणि आता मुलांना तेथे जायचे आहे.