बेरियमने केला पोपट

परवा ऑफिसात माझा जो काय पोपट झाला तो इथे लिहून ठेवते, नाहीतर पुढच्या वेळी परत तेच करेन.

अरबी समुद्रातल्या एका विहिरीची कटिंग्ज आली होती (कुठली विहीर ते सांगत नाही), म्हणजे ड्रिलिंग चालू असताना मडबरोबर (विहिरीत फिरवतात तो चिखलासारखा द्रव) वर येतो तो दगडाचा चुरा, आणि त्यात बहुतेक सगळा काळपट शेल, म्हणजे चिकणमाती (क्ले) दाबली जाऊन झालेला दगड. शेलची गोची अशी की बघून काही कळतच नाही. वाळूचा दगड असला की लेन्स लावून दाणे तरी दिसतात, गोल आहेत का टोकदार, इथे क्लेचे कण 4 मायक्रॉनपेक्षाही लहान, लेन्स लावा नाहीतर ठेवा, काळं ते काळंच. आणि सोडूनही देता येत नाही, कारण मुंबई हायला 1974 मध्ये तेल लागलं ते चुनखडीत खरं, पण ते तयार झालं ते खालच्या पन्ना फॉर्मेशन नावाच्या थरातल्या शेलमध्ये.

मग काय, एक्सआरएफ, म्हणजे पावडरवर एक्स-रे मारायचे आणि प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ऊर्जेचे एक्स-रे परत सोडतं, त्यावरून कुठलं किती आहे ते मोजायचं. चुरा धुवायचा, सुकवायचा, दळायचा, छोट्या कपात भरून खाली पातळ फिल्म लावायची आणि मशीनवर ठेवायचा. जूनमध्ये सुकवणं हाच अर्धा दिवस खातो, कारण दळलेली पावडर टेबलावर नुसती ठेवली तरी दमट होते आणि ॲल्युमिनियम, सिलिकॉनचे एक्स-रे इतके लेचेपेचे की तेवढ्या पाण्यातही अडकतात, आकडे खाली येतात.

आकडे आले की सगळं ॲल्युमिनियमने भागायचं. ॲल्युमिनियम म्हणजे ढोबळमानाने क्ले, आणि शेलमध्ये चुना मिसळला की बाकी सगळ्यांचेच टक्के पडतात. आमटीत पाणी वाढवलं तर मीठ कुठे जात नाही, फक्त चव उतरते, तसंच. मला सगळ्यात आवडतं ते सिलिकॉन आणि झिर्कोनियमचं प्रकरण. दोन्ही एकत्र वाढले तर नदीने आणलेला जरा जाड गाळ, पण सिलिकॉन वाढतंय आणि झिर्कोनियम ढिम्म, तर ती सिलिका बहुधा समुद्रातल्या बारीक जीवांच्या कवचांची. आणि मॉलिब्डेनम चढलं की तळाशी ऑक्सिजन संपलेला, सडक्या अंड्याच्या वासाचं पाणी, म्हणजे सेंद्रिय माल टिकायला चांगली जागा.

तर परवा एका पट्ट्यात बेरियम असं उसळलं की मी जवळजवळ नाचले. बेरियम जास्त म्हणजे वर समुद्रात भरपूर जीव होते असं मानतात, आणि त्याच पट्ट्यात टायटॅनियम, व्हॅनेडियमपण जास्त. माझी गोष्ट तयार! बेसॉल्टचा गाळ आलाय (डेक्कन ट्रॅपमध्ये टायटॅनियम असतंच भरपूर), त्यातून खाद्य मिळालंय, जीव वाढलेत, तळाला ऑक्सिजन संपलाय, व्हॅनेडियम साठलंय. चार स्लाइड केल्या पण.

सरांनी पहिल्या स्लाइडवरच विचारलं, "मडमध्ये वजनासाठी काय घालतात गं?"

बॅराइट! बेरियम सल्फेट! विहिरीतला दाब सांभाळायला मड जड करतात ना, त्यासाठी. बारीक दळलेलं असतं, शेलच्या भेगांत जाऊन बसतं, कितीही धुवा. त्यात मशीनवर बेरियमची एक रेष (म्हणजे त्याच्या एक्स-रेची ऊर्जा) 4.47 केइव्हीला आणि टायटॅनियमची 4.51 ला, जवळजवळ एकमेकींच्या मांडीवर, व्हॅनेडियमपण तिथेच शेजारी. म्हणजे माझं टायटॅनियमपण बेरियमचंच, व्हॅनेडियमपण त्याचंच, आणि मी त्यावर अख्खा प्राचीन समुद्र उभा केला होता. ड्रिलिंगचा रिपोर्ट काढून बघितला तर बरोब्बर त्याच खोलीपासून मडचं वजन वाढवलेलं. तो रिपोर्ट आठवडाभर माझ्याच मेलमध्ये पडून होता, हे सरांना नाही सांगितलं.

संध्याकाळी डोंबिवली फास्टमध्ये दरवाज्यापाशी लटकत मनात परत यादी केली, की कशावर विश्वास ठेवायचा. सिलिकॉन, ॲल्युमिनियम, पोटॅशियम, झिर्कोनियम चालतील. बेरियम कचऱ्यात. टायटॅनियम, व्हॅनेडियम या विहिरीपुरते बाद. मॉलिब्डेनमची रेष लांब आहे, त्याला बेरियमचा त्रास नाही, आणि ते दोनच सॅम्पलमध्ये वर आलंय, पण बेरियमवाल्या पट्ट्याच्या वरच्या पट्ट्यात, जिथे मड अजून हलकं होतं.

पुढच्या आठवड्यात त्याच खोलीचा कोर, म्हणजे विहिरीतून कापून काढलेला दगडाचा अख्खा दंडगोल, येतोय. त्यात मड बाहेरच्या कडेला आणि भेगांतच शिरतं, म्हणून मधला अखंड तुकडा कापून घेणार आहे, आणि यावेळी रिपोर्ट आधी.