"डीजे हाय का?": लातुरात फुकट गाण्याची परवानगी काढताना

स्वतःची गाणी लिहून गिटारवर म्हणणारी पोरं लातुरात आहेत, त्यांना जागा तेवढी मिळत नाही. म्हणून मित्राच्या रिकाम्या गोदामात रविवारची संध्याकाळ ठरवली, तिकीट नाही. सतरंज्या, वायरिंग, पोरांची जुळवाजुळव पटापट झाली. अडलं ते लाऊडस्पीकरच्या परवानगीत.

"डीजे हाय का?" पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न. नाही, गिटार आणि काहोन, म्हणजे बसून वाजवायचा लाकडी खोका. "मग कोन्या पक्षाचं?" कुणाचंच नाही. "तिकीट?" फुकट. इथं साहेबांचा पेन थांबला. ना जयंती, ना वाढदिवस, ना तिकीट. मागं कोणीतरी असणारच, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

खरा खोडा पुढं होता. शेजारच्या इमारतीत क्लास आहे, म्हणजे शांतता क्षेत्र! आता लातुरात क्लास कुठं नाही? ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत रुग्णालय, शैक्षणिक संस्था, न्यायालय यांच्याभोवतीच्या किमान 100 मीटरची गोष्ट आहे. खासगी क्लास त्यात धरायचा का, हे एकाही टेबलावर सांगता येईना. एकानं जागामालकाची नाहरकत मागितली, दिली. दुसऱ्यानं क्लासची मागितली. क्लासवाले म्हणाले, पोलिसांनी लेखी मागू द्या. पोलीस म्हणाले, आम्ही कशाला मागू? मी नियम छापून नेले, तर "हे तुमच्यापाशीच असू द्या." डोकं फिरायची वेळ आली होती. शेवटी क्लासच्या सरांनाच गाठलं. रविवारची टेस्ट पाचला सुटते, आमचं सात ते साडेनऊ. एवढंच एका ओळीत सही-शिक्क्यानिशी लिहून घेतलं आणि फाईल हलली. साहेबांनी शिक्का पाहिला, मजकूर वाचलाच नाही.

हां, अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून पोच घ्याच. नाहीतर अर्ज "सापडंना" होतो.

गाणी पोरांची स्वतःचीच ठेवा. सिनेमाचं गाणं आलं की हक्कांचा प्रश्न आला. हौशी मंडळानं फुकट श्रोत्यांपुढं गायलं तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये सूट आहे, पण आपण हौशी मंडळ आहोत हे कुठं सिद्ध करत बसता!

वेळ रात्री 10 च्या आतलीच लिहा. निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल, व्यापारी भागात 65. काहोनला माईक लावूच नका, पत्र्याखाली तो तसाच दणकतो. आम्ही फक्त गळा आणि गिटार स्पीकरवर घेतली.

परवानगी हातात पडली ती कार्यक्रमाच्याच दुपारी, तोवर पोरांना "होतंय, होतंय" म्हणत होतो. गोदाम भरलं, निम्मी गर्दी क्लासच्याच पोरांची. कागद बघायला मात्र कोणी फिरकलं नाही. तो मी लॅमिनेट करून ठेवलाय. पुढच्या अर्जाला त्याचीच झेरॉक्स जोडणार.