आठ फुटांचा बोर्ड वेंगुर्ल्याला नेताना

कोकणात सर्फिंगला जाते म्हटलं की लोक लाटांबद्दल विचारतात, शार्कबद्दल विचारतात, आई "काळी पडशील" म्हणते. बोर्ड तिथवर नेणार कसा, हे मात्र एकजण विचारत नाही. सगळा ताप तिथेच आहे. मुंबईतल्या एका मोठ्या स्टेशनच्या पार्सल ऑफिसात माझा जो वेळ गेला, त्याचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले.

बाकीचं पटकन उरकते. वेंगुर्ल्यापासून शिरोडा-रेडीपर्यंतच्या पट्ट्यातलं एक गाव ठरवलं. खोली एका फोनवर मिळाली. त्या घरच्या काकींनी एकच चौकशी केली, मासे खातेस ना. महिना मेचा. जून-जुलैत तिथे बोर्ड घेऊन जाण्यात अर्थ नाही; 1 जून ते 31 जुलै मासेमारीलाच बंदी असते, होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात आणि लाटांना धड आकार नसतो. थंडीत किनारा सुंदर, पण समुद्र बहुतेक दिवस सपाट. एप्रिल-मे आणि पाऊस ओसरल्यावरचा ऑक्टोबर, हे आपले दिवस. मे महिन्यात इथे वारा पडलेला असला तरी खाली दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांच्या लाटा चालत येतात. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज रोज बघा. लाटेच्या उंचीवर भुलू नका, दोन लाटांमधला वेळ बघा. बारा सेकंदांच्या पुढे असेल तर बॅग भरा. सहा सेकंद असेल तर तो नुसता खळखळाट.

स्वतःचा बोर्ड कशाला, हेही सांगून टाकते. मालवण-तारकर्लीला स्कूबाचं हवं ते मिळतं, पण वेंगुर्ल्याकडच्या लहान गावात मला भाड्याचा बोर्ड सापडला नाही. गोव्यातल्या मांद्रे-हरमलच्या सर्फ स्कूलवाल्यांना फोन केला, तर बोर्ड त्यांच्याच किनाऱ्यावर वापरायचा म्हणाले. मग माझा आठ फुटी सॉफ्टटॉप, म्हणजे वरून मऊ फोमचा बोर्ड, निघाला.

वजन म्हणाल तर तांदळाच्या दहा किलोच्या पिशवीपेक्षा कमी. स्लीपरच्या तिकिटावर 40 किलो फुकट नेता येतं. पण डब्यात न्यायच्या पेटीचं माप आहे 100 सेंमी लांब, 60 रुंद, 25 उंच. माझा बोर्ड 244 सेंमी. म्हणजे ब्रेकव्हॅन, गाडीचा सामानाचा डबा. म्हणजे पार्सल ऑफिस.

आधी नुसती चौकशी करायला गेले होते. खिडकीतल्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "गाडीच्या दिवशी या." गाडीच्या दिवशी सकाळीच गेले, तर तेच साहेब, तीच खिडकी. "आज आणलंत? आधी आणायचं ना."

मग बोर्डाची तपासणी. अंगठ्याने दाबून बघितलं. "थर्माकोल आहे?" म्हटलं, फोम आहे, पाण्यात वापरायचा, खेळाचं सामान. "बिल?" बिल मोबाइलवर होतं. "प्रिंट आणा." बाहेर झेरॉक्सवाल्याकडे रांग होती. प्रिंट आणली तर म्हणाले, पॅकिंग कुठे आहे? बोर्डाला आठ हजारांची जाड अस्तराची बॅग होती, ती त्यांच्या लेखी पॅकिंग नव्हती.

गेटबाहेर बारदान शिवणारे बसतात. त्यातल्या एका चाचांनी बोर्ड आडवा घेतला, तांदळाची पोती उसवून त्याच्याभोवती ओढली आणि दाभणाने सुतळीचे असे सपासप टाके घातले की माझा जीव वर-खाली. बोर्डाच्या शेपटीजवळ आल्यावर त्यांनी दाभण तिरकं धरलं, डावं बोट मध्ये घातलं आणि बोटाच्या आधाराने शिवलं, म्हणजे टोक आत रुतायला नको. त्या दिवसात माझ्या बोर्डाची काळजी घेणारा तो एकच माणूस. नाव, मोबाइल नंबर आणि "सावंतवाडी रोड" त्यांनीच मार्करने दोन्ही बाजूंना लिहिलं.

परत खिडकी. आता टेप निघाली. लांबी लिहिली. कॉम्प्युटरवरच्या यादीत हा प्रकार सापडेना. सायकल होती, मोटारसायकल होती, फर्निचर होतं. शेजारच्या साहेबांना विचारलं, त्यांनी तिसऱ्यांना विचारलं, तिसरे जेवायला गेलेले. माझ्यामागे एक मुलगा मोटारसायकल घेऊन उभा होता, टाकीतलं पेट्रोल काढून आणा म्हणून त्याला परत पाठवला होता आणि तो तेवढ्यात काढून आलासुद्धा. त्याचं काम झालं. मी तिथेच.

जेवण झाल्यावर मला एक फॉरवर्डिंग नोट मिळाली. ती भरली. सही केल्यावर सहज विचारलं, आज रात्रीच्या माझ्याच गाडीने जाईल ना? "जागा असेल तसं जाईल. आज, उद्या, परवा." म्हणजे मी वेंगुर्ल्यात आणि बोर्ड दोन पोत्यांखाली मुंबईत. मी आवाज चढवला. त्याने काहीही होत नाही, उलट खिडकीचा पंखा त्यांच्याकडे वळतो.

सोडवलं ते एका म्हाताऱ्या हमालाने. तो मगापासून बिडी न पेटवता तोंडात धरून हे सगळं बघत होता. "ताई, तुम्ही स्वतः जाताय ना गाडीने? मग पार्सल कशाला करताय? तिकीट दाखवा, लगेज करा."

एवढंच होतं ते. पार्सलला तिकीट लागत नाही, म्हणून ते कुठल्याही गाडीने जातं. लगेज तुमच्या तिकिटावर बुक होतं आणि तुमच्याच गाडीला चढतं. पलीकडच्या खिडकीवर तिकीट दाखवलं, वजन झालं, पैसे भरले, पावती हातात. चहा गार व्हायच्या आत. अख्ख्या दिवसात पहिल्या खिडकीने "तुम्ही प्रवास करताय का" हा एक प्रश्न विचारला असता, तर मी घरी जाऊन झोपले असते. लगेज गाडी सुटायच्या किमान अर्धा तास आधी द्यावं लागतं. मी म्हणेन दोन तास धरा. आणि खिडकीशी गेल्यावर पहिला शब्द "लगेज" हाच काढा. बोर्ड, फोम, सर्फिंग वगैरे नंतर.

गाडी निवडताना आणखी एक. कुडाळ-कणकवलीला बहुतेक गाड्या दोन-तीन मिनिटं थांबतात आणि ब्रेकव्हॅन पार टोकाला. तेवढ्यात सामान उतरलं नाही तर बोर्ड मडगाव बघून येईल. म्हणून सावंतवाडी रोडलाच संपणारी गाडी घ्या. तिथे कुणाला घाई नसते, बोर्ड आरामात उतरतो. तिकीट साठ दिवस आधी उघडतं (नोव्हेंबर 2024 च्या आधी 120 दिवस मिळायचे). मेमध्ये सगळे चाकरमानी त्याच क्षणाला मोबाइल धरून बसलेले असतात, तेव्हा सकाळी आठला चहा बाजूला ठेवा.

स्टेशनवरून रिक्षाच्या टपावर बांधून न्यायचा प्रयत्न करू नका. पंचवीस-तीस किलोमीटर वळणांचा रस्ता आहे, वाऱ्याने बोर्ड उचलला जातो. छोटा हत्ती मिळतो, काकींनाच सांगून ठेवा, त्यांच्या ओळखीतला येतो.

बारदानात शिवलेलं ते धूड अंगणात उतरलं तेव्हा काकी म्हणाल्या, "काय गो, ह्या काय हाडलंस?" सांगितल्यावर दुसरा प्रश्न, "बुडलंस तर तुझ्या आवशीक काय सांगू मी?" प्रश्न बरोबर आहे. तिथे जीवरक्षक नव्हता. लाटेवर उभं राहता येत नसेल तर आधी कर्नाटकातल्या मुल्कीला किंवा चेन्नईजवळच्या कोवलमला जाऊन नीट शिका, मग या गावांकडे वळा. खाडीच्या मुखाशी लाट सुरेख फुटते, पण ओहोटीला खाडीचं पाणी बाहेर ओढतं, तिथे भरतीतच उतरा. सकाळी नऊच्या आत पाण्यात असा. तोवर मतलई वारा जमिनीवरून लाटेच्या तोंडावर येतो आणि लाट उभी राहते. एकदा समुद्रावरून खारा वारा सुटला की संपलं.

रोज पहाटे रापणकरांना, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांना, विचारल्याशिवाय पाय भिजवू नका. जाळं लांबवर अर्धगोलात पसरलेलं असतं, किनाऱ्यावरून फक्त दोर दिसतो. मला एकांनी लांबूनच हात केला, "आज हय नको गो, रापण घातली हा." मी पलीकडे गेले. दुपारी काकींच्या ताटात त्याच रापणीतले बांगडे होते.

येताना बोर्ड आणलाच नाही. काकींच्या पडवीत आडव्या वाशांना टांगलाय, बॅगेची चेन उघडी ठेवून, नाहीतर पावसात आत बुरशी धरते. खिडकीचं तोंड पुन्हा बघायचं नाही, एवढ्यासाठी ऑक्टोबरचं तिकीट एकटीचंच काढणार आहे. कोकण रेल्वेचं मॉन्सूनचं वेळापत्रक ऑक्टोबरातही चालू असू शकतं, वेळ तपासून घ्या.

आणि हो, बारदान शिवायच्या आधी फिन, म्हणजे बोर्डाखालचे पंख, काढा. फिनची चावी बोर्डाच्या बॅगेत टाकू नका, खिशात ठेवा; वेंगुर्ल्याच्या हार्डवेअरच्या दुकानात ती मिळत नाही.